जुन्या वेब ॲप्लिकेशनमधला वापरात नसलेला कोड: ओळखायचा कसा आणि काढायचा कसा?

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमची लातूरमधली छोटी कंपनी आडत दुकानांसाठी हिशेबाचे वेब ॲप्लिकेशन चालवते. शेतमालाची आवक, सौदा, तोलाई, हमाली आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, असे सारे त्यात आहे. त्याच कोडवर पुढे साखर कारखान्यांसाठी ऊसनोंदीचा आणि वजनकाट्याचा भागही बांधला गेला. मागची बाजू पीएचपीत आहे; पुढची बाजू आधी जेक्वेरीत होती, आता निम्मी व्ह्यू (Vue) या जावास्क्रिप्ट चौकटीत आली आहे. इतक्या वर्षांत अनेक जण येऊन काम करून गेले, त्यामुळे कोणती फाइल कशासाठी आहे हे ठामपणे सांगणारा माणूस कार्यालयात उरलेला नाही. नव्या मुलाला साधी दुरुस्ती सांगितली, तरी पट्टी काढणाऱ्या तीन फंक्शनांपैकी खरे चालते कोणते, हे शोधण्यातच त्याचा दिवस जातो.

माझा प्रस्ताव असा आहे की सर्व्हरवर तीन महिने वापर मोजावा आणि ज्या रूटवर (पानाच्या पत्त्यावर) किंवा फंक्शनवर या काळात एकदाही कोणी आले नाही, ते सरळ काढून टाकावे. सहकाऱ्यांना हे धाडसाचे वाटते. आपल्यापैकी ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी आपली पद्धत सविस्तर सांगावी, ही विनंती.

पैठणगेट

सुरुवात पुढच्या बाजूपासून करावी, कारण तिथे खात्री लवकर पटते. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सच्या आत ‘कव्हरेज’ नावाचा भाग आहे. तो चालू करून पान उघडले, की प्रत्येक जावास्क्रिप्ट आणि सीएसएस फाइलमधला किती भाग खरोखर वापरला गेला, हे तो ओळीगणिक रंगाने दाखवतो. मात्र लाल ओळीचा अर्थ ‘या पानावर, आतापर्यंत वापरली गेली नाही’ एवढाच असतो. बटण दाबल्यावर चालणारे फंक्शन बटण दाबेपर्यंत लालच दिसते. म्हणून हा भाग पुरावा म्हणून वापरू नये; शोध कुठून सुरू करायचा हे कळण्यासाठी वापरावा.

व्ह्यूमध्ये आलेल्या निम्म्या भागाला बंडलरची, म्हणजे साऱ्या फाइल्स एकत्र बांधणाऱ्या साधनाची, चांगली मदत होते. २०१५ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणकात इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट आले. त्यांची वाक्ये फाइलच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर, कोणत्याही फंक्शनच्या किंवा अटीच्या आत नसलेली आणि स्थिर असतात, त्यामुळे कोड न चालवताही कोणाला कोण लागते हे साधनाला वाचता येते. रोलअपने त्याच वर्षी याच आधारावर ‘ट्री शेकिंग’ (न वापरलेला कोड बांधताना गाळणे) लोकप्रिय केले आणि वेबपॅकने ते पुढे उचलले. जुन्या ‘रिक्वायर’ पद्धतीत फाइलचे नाव चालत्या कोडात तयार होऊ शकते, म्हणून तिथे साधन हात राखून वागते. तुमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) क्निप नावाचे साधन चालवून पाहा. इंग्रजीत ते के-एन-आय-पी असे लिहितात. कोणीही न मागवलेल्या फाइल्स, कोणीही न वापरलेले एक्स्पोर्ट आणि पॅकेज फाइलमध्ये नुसत्या नावापुरत्या उरलेल्या डिपेंडन्सी (बाहेरून घेतलेली पॅकेजेस), असे तिन्ही ते एका वेळी दाखवते.

नवखा_लातूरकर

एक मूलभूत शंका आहे. जो कोड चालतच नाही, तो पडून राहिला तर बिघडते काय? डिस्कवरची जागा तर आता स्वस्त झाली आहे. काढताना काही मोडण्याचा धोका मात्र खरा आहे.

जुनी_वही

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण व्यवस्थापनही हेच विचारते.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत काय घडले, ते पाहा. त्यांच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग होता. त्याचा वापर २००३ मध्ये थांबला होता, पण कोड सर्व्हरवर तसाच राहिला. २०१२ मध्ये नव्या सुविधेसाठी प्रोग्रामरांनी जो फ्लॅग (कोडमधली चालू-बंदची खूण) पुन्हा वापरायला घेतला, तो पूर्वी या पॉवर पेगला चालू करणारा होता. नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. त्यांपैकी एकावर तो चढलाच नाही. बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षे निजलेला कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर पाठवू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंडही ठोठावला. पॉवर पेग वेळीच काढला असता, तर त्या फ्लॅगला जागे करण्यासारखे काही उरलेच नसते.

दुसरे उदाहरण आपल्या पीएचपीच्या घरातलेच आहे. पीएचपीयुनिट हे चाचण्यांचे साधन आहे, प्रत्यक्ष सर्व्हरवर त्याचे काहीच काम नसते. तरीही अनेक ठिकाणी बाहेरची पॅकेजेस असलेल्या ‘व्हेंडर’ फोल्डरसकट ते सर्व्हरवर चढवले गेले. त्यातल्या एका छोट्या फाइलला बाहेरून मजकूर पाठवला, की ती तो कोड म्हणून चालवत असे. सुरक्षेतील त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१७-९८४१ या क्रमांकाने ही त्रुटी नोंदली गेली आणि हल्लेखोर ती फाइल पुढेही वर्षानुवर्षे शोधत फिरले. आजच तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘पीएचपीयुनिट’ शोधून पाहा, कोणीतरी दार ठोठावून गेल्याचे बहुधा दिसेलच. पीएचपीची पॅकेजेस बसवणारा कंपोझर चालवताना ‘नो-डेव्ह’ (चाचणी-विकासाची साधने नकोत) हा पर्याय देणे, ही साफसफाईची पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे.

सिंदफणा

आता मूळ प्रस्तावाबद्दल. मांजराकाठ, तीन महिन्यांची मुदत मला मान्य नाही आणि ती तुम्ही मुळीच स्वीकारू नये, असे कळकळीने सांगते. मी बीड जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्याकडे कोडचे आयुष्य हंगामाने चालते.

ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांशी करार आणि उचल (आगाऊ रक्कम) देणे ही कामे पावसाळ्यात होतात. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि त्या उचलीची वसुली गाळप चालू असताना तोडणी-वाहतुकीच्या बिलांतून पंधरवड्याला होत राहते. हंगाम संपल्यावर ज्या मुकादमाची बाकी उरते, त्याचा हिशेब पुढच्या वर्षावर ओढणारे एक फंक्शन आहे. ते वर्षातून एकदा, धुराडी थंडावल्यावर, एकच माणूस चालवतो. तुम्ही जून ते ऑगस्ट मोजणी केलीत, तर काट्याचा सारा भाग, पंधरवडा बिले आणि ही बाकी ओढण्याची प्रक्रिया, सगळेच ‘वापरात नाही’ म्हणून पुढे येईल. तुमच्या आडतीचेही तसेच असणार. सोयाबीनची आवक दसऱ्याच्या आसपास चढते, तुरीची जानेवारीनंतर. ३१ मार्चला चालणारे वर्षअखेरीचे कोड तर सगळ्यांकडेच असते.

पंचांगाशी संबंध असेल, तर वर्षही पुरत नाही. अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. सणांच्या सुट्ट्या किंवा तिथीनुसार स्मरणपत्रे काढणारा कोड अधिक महिन्यासाठी वेगळी वाट धरत असेल, तर मधल्या दोन वर्षांच्या मोजणीत ती वाट कोरडीच दिसेल.

दुधना

सिंदफणाताईंशी पूर्ण सहमत. त्यात जुन्या कागदांची भर घालतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या दिवसापासून व्हॅट मोजणारा कोड मेला, असे वरवर वाटते. पण २०१६ मधले बिल एखाद्या व्यापाऱ्याने वकिलासाठी पुन्हा छापायला मागितले, तर तो आकडा व्हॅटच्याच नियमाने यावा लागतो. इथे भेद करावा. कर मोजून नवे बिल तयार करणारा भाग काढता येतो; साठवलेले जुने बिल जसेच्या तसे दाखवणारा भाग ठेवावा लागतो. जिथे बिलाची रक्कम साठवलेली नसून दरवेळी नव्याने मोजली जाते, तिथे आधी जुन्या सगळ्या बिलांच्या रकमा एकदाच मोजून डेटाबेसमध्ये पक्क्या करा. मग व्हॅटचा कोड निर्धास्तपणे काढता येईल.

हाच विचार जिल्ह्यांच्या नावांनाही लागू होतो. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत झाली. जुने नाव नव्याकडे वळवणारी छोटीशी यादी कोडमध्ये असेल, तर नव्या नोंदींत तिचा उपयोग दिसणार नाही, परंतु जुन्या नोंदीत शोध घेणाऱ्याला ती लागतेच. युनिकोडपूर्वीच्या फाँटांतला मजकूर वाचण्यासाठी लिहिलेले कन्व्हर्टर आमच्या जालन्याच्या एका ग्राहकाकडे अजूनही लागतात, कारण २००५ च्या सुमारास टंकलेली गावांची नावे त्याच सांकेतिक रूपात पडून आहेत.

मांजराकाठ (धागाकर्ता)

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. तीन महिन्यांची कल्पना मी मागे घेतो. पण मग पेच असा आहे की वर्षभर हातावर हात ठेवून बसणे आम्हाला परवडणार नाही. आजपासून काय सुरू करता येईल? आणि सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगवर (कोणते पान कधी मागितले गेले याच्या नोंदीवर) किती विसंबावे?

शून्य_एक

ॲक्सेस लॉगबद्दल आधी. तो दोन्ही बाजूंनी फसवतो. ज्या पानाकडे एकही माणूस जात नाही, तिथे सर्च इंजिनांचे बॉट आणि चाचपडणारे स्कॅनर येत राहतात, त्यामुळे मेलेले पान जिवंत दिसते. उलट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालणारी कामे वेब सर्व्हरमधून जातच नाहीत, त्यामुळे रोज रात्री चालणारा कोड लॉगमध्ये मेलेला दिसतो. लॉगमधून लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांच्या नोंदी वेगळ्या काढा आणि क्रॉनटॅबची यादी शेजारी ठेवा, तरच चित्र खरे होईल. शिवाय बहुतेक सर्व्हरांवर जुने लॉग काही आठवड्यांनी आपोआप पुसले जातात. ती मुदत आजच वाढवून घ्या, कारण गेलेला लॉग परत मिळत नाही.

फंक्शनच्या पातळीवर मी ‘टूम्बस्टोन’ची पद्धत वापरतो. ज्या फंक्शनबद्दल संशय आहे, त्याच्या पहिल्या ओळीत एक छोटी हाक टाकायची: आजची तारीख, टाकणाऱ्याचे नाव आणि ‘हे वापरात नसावे’ असा शेरा. ते फंक्शन कधी चालले, तर ही हाक कोणी बोलावले त्याची पूर्ण साखळी नोंदवते. दरवेळी न लिहिता दिवसातून एकदाच लिहिण्याची व्यवस्था केली, तर सर्व्हरवर भार जाणवत नाही. या हाका आज टाका आणि एक पूर्ण हंगाम राहू द्या. मधल्या काळात निष्क्रिय बसायचे नाही. ज्याची खात्री कोड वाचूनच पटते, ते काढत राहायचे.

कोड वाचून किती खात्री पटू शकते, यालाही मर्यादा आहे आणि ती साधनाच्या दर्जाची नाही. राइसचा १९५३ चा सिद्धांत सांगतो की ज्याचे उत्तर काही प्रोग्रामांसाठी ‘हो’ आणि काहींसाठी ‘नाही’ येते, असा वर्तनाबद्दलचा कोणताही प्रश्न सर्व प्रोग्रामांसाठी अचूक सोडवणारी यंत्ररीत असू शकत नाही. म्हणून प्रत्येक साधन कुठे तरी अंदाज करते. पीएचपी कोड वाचून तपासणारे पीएचपीस्टॅन स्वतःहून फक्त ‘प्रायव्हेट’ मेथडबद्दल ‘न वापरलेली’ असे म्हणते, कारण तिला वर्गाबाहेरून बोलावता येत नाही. ‘पब्लिक’ मेथडबद्दल ते गप्प राहते. पायथनवाल्यांचे व्हल्चर प्रत्येक निष्कर्षापुढे ६० ते १०० टक्के असा विश्वासाचा आकडा लिहिते, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

तुमच्या कोडमध्ये खरा धोका इथे असेल: ‘पट्टी’ हा शब्द आणि मालाचा प्रकार जोडून फंक्शनचे नाव चालता चालता तयार केले जात असेल, तर ‘पट्टीतूर’ हे पूर्ण नाव शोधून कुठेच सापडणार नाही, तरी ते रोज चालत असेल. सीएसएसचेही तसेच. रंगाचे नाव जोडून क्लास बनवला असेल, तर न वापरलेले सीएसएस गाळणारे पर्जसीएसएससारखे साधन तो क्लास बिनदिक्कत काढून टाकते आणि थकबाकीदाराची लाल ओळ अचानक काळी होते. अशा जोडकामाच्या जागा आधी शोधा आणि तिथे पूर्ण नावांची उघड यादी लिहा.

बालाघाटी

मला एका वेगळ्याच सवयीबद्दल बोलायचे आहे. आपल्याकडे काढायच्या ऐवजी कॉमेंट करून ठेवतात, किंवा फाइलच्या नावापुढे ‘जुनी’, ‘२’, ‘फायनल’ असे लावतात. हे न काढण्याहून वाईट आहे, कारण नंतर शोध घेणाऱ्याला चारही फाइल्स सापडतात आणि त्या चौघींपैकी कोणतीच पूर्ण खरी नसते. कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारे गिट २००५ पासून आहे. काढलेली ओळ त्याच्या इतिहासात सुरक्षित असते. ‘गिट लॉग’ला ‘-एस’ (कॅपिटल एस) हा पर्याय आणि शब्द दिला, की तो शब्द कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आला आणि कोणत्या कमिटमध्ये गेला, हे लगेच मिळते. कॉमेंट केलेला कोड विचार न करता आजच काढा. तो आधीपासूनच चालत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मोजणीची गरजच नाही.

पैठणगेट

बालाघाटी यांच्या मुद्द्याला जोडून क्रम सांगतो. मेनूतील दुव्यापासून खाली उतरत जावे: आधी दुवा, मग रूट, मग कंट्रोलर (विनंती हाताळणारा कोड), मग पान दाखवणारी टेम्प्लेट फाइल आणि तिचे हेल्पर, शेवटी डिपेंडन्सी. एक सुविधा म्हणजे एकच कमिट, आणि त्या कमिटमध्ये दुसरी कोणतीही दुरुस्ती मिसळायची नाही. असे केले, तर काही चुकल्यास एका रिव्हर्टने (कमिट उलटवून) सगळे परत येते. एक थर काढल्यावर साधने पुन्हा चालवा, कारण वरचा गेल्यावर त्याच्यावर टेकलेला खालचा थर नव्याने उघडा पडतो.

चाचण्यांबाबत सावध राहा. काही फंक्शने फक्त स्वतःच्या चाचणीमुळे जिवंत दिसतात. गूगलने २०२३ मध्ये त्यांच्या ‘सेन्सेनमान’ या कोड काढणाऱ्या प्रणालीबद्दल लिहिले, तेव्हा याच गुंत्याचा उल्लेख केला होता. त्या प्रणालीने तोवर गूगलच्या एकूण सी++ कोडपैकी जवळपास ५ टक्के कोड काढला होता. इतक्या मोठ्या ठिकाणीही प्रत्येक काढणी माणसाच्या संमतीसाठी पाठवली जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नवखा_लातूरकर

माझ्या शंकेचे उत्तर मिळाले, धन्यवाद. आमच्याकडे नवी सुविधा निवडक ग्राहकांना दाखवण्यासाठी फीचर फ्लॅग लावतात. सुविधा सर्वांना सुरू झाली, तरी फ्लॅग राहतोच. त्यांचे काय करावे?

शून्य_एक

फ्लॅग लावतानाच त्याच्या शेजारी काढण्याची तारीख आणि जबाबदार व्यक्ती लिहावी, आणि ती तारीख उलटल्यावर चाचणीच नापास व्हावी अशी सोय करावी. उबरने शिळे फ्लॅग आपोआप काढण्यासाठी ‘पिरान्हा’ नावाचे साधन मुक्त स्रोतात दिले आहे. ते फ्लॅगसोबत त्याची मेलेली फांदीही छाटते. जुनी_वही यांनी सांगितलेला पॉवर पेगचा प्रसंग लक्षात ठेवून एक नियम कडक पाळा: जुन्या फ्लॅगचे नाव नव्या कामासाठी कधीही वापरू नका.

सिंदफणा

सगळ्यांनी साधनांबद्दल छान लिहिले आहे, पण माणसांना विचारण्याची पायरी कोणी नीट मांडलेली नाही. काट्यावरचा एक प्रसंग सांगते. एका कारखान्यात काटापावती पुन्हा छापण्याचे जुने पान मेनूतून काढलेले होते. कोडमध्ये त्याच्याकडे नेणारा एकही दुवा नव्हता. प्रत्येक साधनाने ते निरुपयोगी ठरवले असते. मी काट्यावर जाऊन बसले, तेव्हा रात्रपाळीच्या काटा कारकुनाने ब्राउझर उघडला आणि वरच्या पट्टीतल्या बुकमार्कवरून थेट त्या पानावर गेला. नवीन पान तपशिलासह संपूर्ण ए-४ कागद छापत होते आणि त्याच्यासमोरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अरुंद पावतीचा होता. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना तो दुसरे काय करणार? तिथे काढायचे काय होते? जुने पान नव्हे. नव्या पानात अरुंद पावतीची सोय आधी करायची होती, आणि मग जुने पान काढायचे होते. तसेच केले.

म्हणून संशयितांची यादी झाली, की ती घेऊन शेतकी विभागात, लेखा विभागात आणि काट्यावर जा. तुमच्या बाबतीत आडतीवरच्या मुनीमजींकडे जा. ‘हे वापरता का?’ असे विचारले, तर बहुतेक जण काळजीपोटी ‘हो’ म्हणतात. ‘शेवटचे कधी वापरले, करून दाखवाल का?’ असे विचारा. आणि काढण्याचे काम हंगाम संपल्यावर घ्या. विहिरीतला गाळ आपण पाणी आटल्यावरच काढतो. गाळप ऐन भरात असताना काट्याच्या कोडला हात लावू नये.

मांजराकाठ (धागाकर्ता)

चर्चेतून आमच्यापुरता निर्णय झाला आहे. कॉमेंट केलेला कोड, कोणीही न मागवलेल्या फाइल्स आणि फालतू डिपेंडन्सी या आठवड्यापासून काढायला घेतो. नावे जोडून बोलावणाऱ्या जागांची यादी नवख्याकडे सोपवली आहे. उरलेल्या संशयितांवर टूम्बस्टोन टाकून पुढचे गाळप पूर्ण होऊ देणार आणि त्यानंतर मुनीमजींना प्रत्यक्ष भेटून एकेक सुविधा काढणार. लॉगची मुदत आजच वाढवली.

एक प्रश्न उरतो. कोड गेल्यावर त्याची टेबले आणि कॉलम डेटाबेसमध्ये राहतात. तीही त्याच कमिटसोबत काढावीत का?

जुनी_वही

मुळीच नाही. कोड रिव्हर्टने परत येतो. ड्रॉप केलेला कॉलम येत नाही. दोन्हींमध्ये किमान एक वर्षअखेर जाऊ द्या. आधी टेबलाचे नाव बदला, म्हणजे कोणी चोरवाटेने वाचत असेल तर ते लगेच ओरडेल आणि नाव परत बदलणे एका क्षणाचे काम असेल. त्याआधी अहवाल काढणाऱ्या बाहेरच्या साधनांची, एक्सेलला जोडलेल्या क्वेरींची आणि डेटाबेसमधल्या ट्रिगरांची (नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडची) यादी करा, कारण ती कोडच्या शोधात येत नाहीत.

हिशेबाच्या टेबलांना कायद्याचीही मुदत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि जीएसटीच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. प्रकरण अपिलात असेल, तर ती मुदत आणखी लांबते. तुमचे ग्राहक आडतदार बहुतेक भागीदारीत असतील, तरी त्यांच्या सनदी लेखापालाला विचारून मुदत लेखी घ्या. वाचणारा कोड काढण्याआधी त्या टेबलातल्या नोंदी सीएसव्हीत उतरवा, कोणत्या कॉलममध्ये काय आहे ते मराठीत एका साध्या फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल बॅकअपसोबतच ठेवा. व्हॅटच्या काळातल्या नोंदींत ‘कर’ या कॉलमात टक्केवारी आहे की रुपये, हे तुम्हाला आज ठाऊक आहे. कोड गेल्यावर ते सांगणारी ती फाइलच असेल.